वडीलच वैद्य असतात तेव्हा : डॉ. बेंजामिन रश आणि त्यांचा थोरला मुलगा

१८१० च्या आरंभी फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या मनोरुग्ण विभागात बत्तीस वर्षांचा एक रुग्ण दाखल झाला. तो स्वतः वैद्यकाची पदवी घेतलेला होता आणि अमेरिकी नौदलात अधिकारी म्हणून काम केलेला होता. त्याचे नाव जॉन रश. ज्या विभागात त्याला ठेवले त्याची वैद्यकीय जबाबदारी अनेक वर्षे त्याच्या वडिलांकडे, डॉ. बेंजामिन रश यांच्याकडे होती. जॉनचे उरलेले आयुष्य, म्हणजे १८३७ पर्यंतची सुमारे २७ वर्षे, याच रुग्णालयात गेले.

रश यांच्यावर लिहिले गेलेले बरेचसे लेखन अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरची त्यांची सही, पीतज्वराच्या साथीतले त्यांचे काम किंवा मानसोपचारावरचा त्यांचा ग्रंथ यांभोवती फिरते, आणि थोरल्या मुलाची हकीकत एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. या टिपणात मात्र तीच हकीकत मध्यभागी ठेवली आहे, कारण आपल्याच माणसावर आपणच उपचार करावेत का, हा डॉक्टरांच्या घरात आजही पडणारा प्रश्न तिच्यात पुऱ्या उग्रतेने समोर येतो.

पार्श्वभूमी

बेंजामिन रश यांचा जन्म जानेवारी १७४६ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या बायबेरी येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना वडील वारले आणि आईने शहरात किराण्याचे दुकान चालवून मुले वाढवली. प्रिन्स्टनच्या महाविद्यालयातून चौदाव्या वर्षी पदवी घेतल्यावर डॉ. जॉन रेडमन यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि १७६८ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी मिळवली. परतल्यावर ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १७७६ च्या जानेवारीत त्यांचे लग्न ज्युलिया स्टॉकटन हिच्याशी झाले. ती त्या वेळी सोळा वर्षांची होती. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर रश यांनी आणि ज्युलियाचे वडील रिचर्ड स्टॉकटन यांनी, म्हणजे जावई आणि सासरे या दोघांनीही, सह्या केल्या. या दांपत्याला तेरा मुले झाली, त्यांपैकी नऊ जगली. जॉन सर्वांत थोरला, १७७७ चा. त्याच्या पाठचा रिचर्ड पुढे अमेरिकेचा महाधिवक्ता, ब्रिटनमधील राजदूत आणि अर्थमंत्री झाला, तर जेम्स वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून डॉक्टर झाला.

मुलांच्या शिस्तीविषयी रश यांची मते ठाम होती. छडीचा मार त्यांना मान्य नव्हता. त्याऐवजी मुलाला एकट्याला खोलीत बंद करून ठेवणे हा त्यांचा उपाय होता, कारण एकांतात माणूस स्वतःशी विचार करतो आणि सुधारतो, अशी त्यांची खात्री होती. १७८९ मध्ये एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात त्यांनी समाधानाने नोंदवले आहे की थोरल्या मुलाने, तेव्हा तो बारा वर्षांचा होत आला होता, कोंडून ठेवण्यापेक्षा मला मार द्या, अशी एकापेक्षा अधिक वेळा विनवणी केली. रश यांच्या लेखी हा त्या शिक्षेच्या परिणामकारकतेचा पुरावा होता. आज ते वाक्य वाचताना लक्ष मुलाच्या विनवणीकडे जाते, कारण तोच मुलगा एकवीस वर्षांनी रुग्णालयातल्या कोठडीत होता.

१७९२ मध्ये जॉन प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना रविवारी पत्ते खेळल्याचे उघड झाले, आणि वडिलांनी त्याला महाविद्यालयातून काढून घरी आणले. नंतर वडिलांकडेच त्याचे वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. १७९६ च्या मे महिन्यात तो जहाजावरचा डॉक्टर म्हणून कलकत्त्याला निघाला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आई-वडिलांनी मिळून त्याच्यासाठी सूचनांचा एक कागद तयार केला. नीती, ज्ञान, आरोग्य आणि व्यवहार असे त्याचे चार भाग होते. तू जग पाहत असशील तेव्हा जगही तुला पाहत असेल, हे विसरू नको, असे त्यात बजावले होते. आणि हातून काही गैर होण्याची वेळ आली तर तुझे आई-वडील तुझ्यापुढे गुडघे टेकून डोळ्यांत पाणी आणून विनवत आहेत असे चित्र मनात आण, असेही लिहिले होते. या कागदातली माया खरी आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण समुद्रापलीकडे गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने आई-वडिलांची रडणारी मूर्ती सतत सोबत बाळगायची, हे ओझेही तितकेच खरे होते.

पुढच्या दहा वर्षांत जॉन एका जागी टिकला नाही. तो नौदलात गेला, तेथून पुन्हा वैद्यकाकडे वळला, १८०४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्याने पदवी घेतली, थोडा काळ दक्षिणेत व्यवसाय करून पाहिला आणि परत नौदलात दाखल झाला. १८०७ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे नेमणुकीवर असताना एका सहकारी अधिकाऱ्याशी त्याचे द्वंद्वयुद्ध झाले. तो अधिकारी त्याचा मित्र होता. जॉनच्या गोळीने तो मेला.

प्रश्न

मित्राच्या मृत्यूनंतर जॉनचे मन सावरले नाही. त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, आणि नौदलातल्या डॉक्टरांनी त्याच्यावर तेथेच उपचार केले. द्वंद्वयुद्धाला दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १८१० च्या सुरुवातीला, त्याला फिलाडेल्फियाला घरी आणले गेले.

घरी आलेला जॉन कसा होता हे डॉ. रश यांनी जॉन अ‍ॅडम्स आणि टॉमस जेफरसन या दोन जुन्या स्नेह्यांना, म्हणजे अमेरिकेच्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना, लिहिलेल्या पत्रांतून कळते. केस विस्कटलेले आणि वाढलेले, दाढी आणि नखे लांब, चेहऱ्यावर खोल विषाद, आणि तोंडातून एक शब्द नाही. आईने मिठी मारली, भावंडे रडली, वडिलांनी समजावले, तरी तो कोणाशीही बोलेना. तीन दिवस घरच्यांनी हर प्रयत्न केले आणि मग हात टेकले.

येथे दोन वेगवेगळे प्रश्न होते. जॉनला कोठे ठेवायचे, हा पहिला. त्याच्यावर उपचार कोणी करायचे, हा दुसरा. पहिल्याची निकड इतकी होती की दुसरा वेगळा म्हणून समोर आलाच नाही. जो डॉक्टर त्या विभागाचा प्रमुख होता त्याच्याकडेच तो रुग्ण आपोआप गेला. या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता, असे विचारले तर माझ्या मते तो हाच, आणि तो कोणी घेतलाच नाही. तो होऊन गेला.

समोर असलेले मार्ग

घरीच ठेवणे हा त्या काळचा सर्वसाधारण मार्ग होता. सधन कुटुंबे माडीवरची एखादी खोली बंद करून माणूस सांभाळत. पण ज्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला आहे त्याला अष्टौप्रहर राखणे घरच्या माणसांच्या आवाक्यातले नव्हते. शिवाय रश यांचे वैद्यकीय मतही याच्या विरुद्ध होते. मनोरुग्णाला त्याच्या घरापासून आणि ओळखीच्या माणसांपासून दूर नेले पाहिजे, तेथेच त्याचा भ्रम पोसला जातो, असे ते शिकवत असत.

दुसरा मार्ग गावाबाहेर ठेवण्याचा होता. शहराजवळ रश यांचे एक छोटे शेतघर होते. त्याला त्यांनी सतराव्या शतकातील इंग्लिश वैद्य सिडनहॅम यांचे नाव दिले होते. तेथे एखादा समजूतदार सोबती देऊन, मोकळ्या हवेत, बागेतल्या कामात जॉनला ठेवता आले असते. या मार्गाकडे मी पुढे परत येणार आहे.

दूरची रुग्णालये होती. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे केवळ मनोरुग्णांसाठीचे सार्वजनिक रुग्णालय १७७३ पासून चालू होते. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १७९६ मध्ये उघडलेला आश्रम साखळदंडांऐवजी घरगुती वागणुकीवर भर देत होता. परंतु इतक्या लांबचा प्रवास त्या अवस्थेतल्या माणसाला झेपणारा नव्हता, आणि मुलाला पुन्हा समुद्रापार पाठवणे ज्युलियाला सोसले असते असे वाटत नाही.

उरले पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल. १७५१ मध्ये डॉ. टॉमस बाँड आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संस्था देशातील अग्रगण्य रुग्णालय होती, आणि तिची मनोरुग्णांसाठीची व्यवस्था सुधारण्यात रश यांचा वाटा सर्वांत मोठा होता. १७८३ मध्ये ते तेथे रुजू झाले तेव्हा वेडे म्हणून आणलेली माणसे तळघरातल्या ओलसर, थंड कोठड्यांत राहत. त्यांना पाहायला येणाऱ्या गावकऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याची रीतही तेथे होऊन गेली होती. १७८९ पासून रश यांनी व्यवस्थापकांना पत्रांमागून पत्रे लिहिली, विधिमंडळाकडून निधी मिळावा म्हणून खटपट केली, आणि १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी स्वतंत्र पश्चिम कक्ष उघडला. जॉन ज्या इमारतीत दाखल झाला ती वडिलांच्या खटपटीने उभी राहिली होती.

येथेच एक पोटमार्ग होता. जॉनला याच रुग्णालयात ठेवायचे, पण उपचारांचा अधिकार दुसऱ्या डॉक्टराकडे द्यायचा. त्या रुग्णालयात इतर नामवंत डॉक्टर होते, आणि शहर तर वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र होते.

निर्णय आणि उपचार

तीन दिवसांनंतर जॉनची रुग्णालयात रवानगी झाली. काही आठवड्यांनी अ‍ॅडम्सना लिहिताना रश यांनी थोडी सुधारणा कळवली : आता तो कपड्यांकडे लक्ष देतो, मधूनच एखादे पुस्तक उघडतो, मोजक्या माणसांशी बोलतो. त्याच पत्रात द्वंद्वयुद्धाविषयीचा त्यांचा संताप बाहेर पडला. १८०४ मध्ये अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारले गेले होते, तरी देशात या प्रथेचे समर्थन करणारे होते. त्यांनी एकदा येऊन माझ्या मुलाच्या कोठडीत डोकवावे, म्हणजे त्यांना लाज वाटेल, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. १८११ मध्ये जेफरसनना लिहिताना मात्र सूर बदललेला होता. मुलगा तेथेच अखेरचा श्वास घेईल अशी भीती बाळगायला पुरेसे कारण आहे, हे त्यांनी तोवर मान्य केले होते.

१८१० हे वर्ष रश यांच्या मनोरुग्णविषयक कामातले अत्यंत धावपळीचे वर्ष होते, आणि याचा जॉनच्या येण्याशी संबंध नाही असे मानणे कठीण आहे. जूनमध्ये त्यांनी एडिंबऱ्याला शिकत असलेल्या जेम्सला कळवले की वेड बरे करण्यास मदत व्हावी म्हणून आपण एक खुर्ची तयार करून रुग्णालयात आणली आहे. या खुर्चीत रुग्णाचे हात, छाती आणि पाय पट्ट्यांनी बांधले जात, डोके लाकडी चौकटीत अडकवले जाई आणि बैठकीखाली शौचासाठी भांडे असे. रश तिला शांत करणारी खुर्ची म्हणत. सप्टेंबरमध्ये त्यांनी व्यवस्थापकांना एक पत्र लिहिले, आणि हे पत्र या प्रकरणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यात त्यांनी आरडाओरडा करणाऱ्या रुग्णांसाठी वेगळी छोटी घरे मागितली, रुग्णांना काम आणि विरंगुळा द्यावा असे सुचवले, सधन रुग्णांसाठी चांगले बिछाने मागितले, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय कोणालाही रुग्णांना भेटू देऊ नये असे म्हटले, आणि रुग्णांबरोबर बसून बोलणारे, त्यांना वाचून दाखवणारे शहाणे स्त्री-पुरुष सोबती नेमावेत अशी विनंती केली. दुर्गंधी येऊ नये म्हणून शौचपात्रात अर्धे पाणी भरून ठेवावे, इतका बारकावा त्यात आहे. तो त्या खोल्यांत रोज जाणाऱ्या माणसालाच सुचेल.

याच माणसाचे उपचारशास्त्र मात्र कठोर होते. वेडाचे मूळ मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत असते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्यातून रक्तमोक्षण, म्हणजे शिरेतून रक्त काढून टाकणे, ओघानेच येई. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मनोविकारांवरील ग्रंथ या विषयावरचा अमेरिकेतला पहिला ग्रंथ मानला जातो. तीव्र उन्मादात पहिल्याच वेळी २० ते ४० औंस, म्हणजे सुमारे ६०० ते १२०० मिलिलिटर रक्त काढावे, असे त्यात सांगितले आहे. डॉक्टराने रुग्णाच्या खोलीत शिरताच त्याची नजर पकडावी, ती खाली जाईपर्यंत सोडू नये, आणि अशा रीतीने त्याच्यावर अधिकार बसवावा, असाही सल्ला आहे. अनोळखी रुग्णाच्या बाबतीत या सल्ल्याचा काय उपयोग होत असेल तो असो. पण ज्याच्या नजरेच्या धाकात बालपण गेले त्या वडिलांनीच डॉक्टर म्हणून समोर उभे राहून पुन्हा नजर रोखायची, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

परिणाम

रश यांना आणखी तीनच वर्षे मिळाली. १९ एप्रिल १८१३ रोजी ते तापाने वारले. आजारपणात त्यांनी स्वतःचेही रक्त काढवून घेतले होते, म्हणजे जो उपचार इतरांना दिला त्यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास होता.

जॉन रुग्णालयात राहिला. तासन् तास येरझाऱ्या घालण्याची त्याला सवय लागली, आणि त्या जमिनीवरच्या झिजलेल्या पट्ट्याला त्याचेच नाव पडले, असे तेथे सांगितले जाई. भाऊ रिचर्ड १८१४ मध्ये महाधिवक्ता झाला आणि १८१७ मध्ये राजदूत म्हणून लंडनला गेला. जेम्सने वडिलांची टाकसाळीच्या खजिनदाराची जागा घेतली आणि माणसाच्या आवाजाच्या शास्त्रावर १८२७ मध्ये ग्रंथ लिहिला. जॉन १८३७ मध्ये, साठीच्या घरात, वारला. ज्युलिया त्याच्या नंतर अकरा वर्षे जगली.

वेगळे काय करता आले असते

प्रथम रश यांच्या बाजूने जे म्हणायला हवे ते म्हटले पाहिजे. त्या काळी त्या देशात मनोविकारांचा त्यांच्याइतका अभ्यास केलेला दुसरा डॉक्टर नव्हता. दुसऱ्याकडे सोपवले असते तरी त्यानेही रक्तच काढले असते, कदाचित कमी आस्थेने. शिवाय मुलाला रुग्णालयात दाखल करून, स्नेह्यांना उघडपणे कळवून, त्यांनी कुटुंबाची लाज झाकण्याची रीत मोडली, आणि हे त्यांच्या प्रतिष्ठेच्या माणसाला सोपे नव्हते. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाला आजच्या आजाराचे नाव चिकटवण्यातही अर्थ नाही.

तरीही उपचारांचा अधिकार सोडून देणे शक्य होते आणि ते सुचण्यासारखेही होते. मँचेस्टरचे डॉ. टॉमस पर्सिव्हल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय नीतीच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले होते की काळजीने निर्णयशक्ती झाकोळते, मन भित्रे आणि दोलायमान होते, म्हणून स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या आजारात डॉक्टरांनी एकमेकांवर अवलंबून राहावे. हेच तत्त्व १८४७ मध्ये फिलाडेल्फियातच स्थापन झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत आले. १८११ मध्ये जेम्स एडिंबऱ्याहून परतल्यावर तरी कुटुंबात हा विषय नव्याने निघायला हरकत नव्हती. जेम्सकडे उपचार द्यायचे नव्हतेच, कारण तोही घरचाच, पण वडिलांना विचारणारा एक जाणकार माणूस आता घरात होता. दुसरा डॉक्टर आला असता तर रश यांना निदान वडील म्हणून मुलाला भेटता आले असते. उपचार करणारा, नियम घालणारा, भेटीची परवानगी देणारा आणि प्रेम करणारा हे चारही एकच असल्यावर मुलाने तक्रार करायची ती कोणाजवळ?

दुसरी गोष्ट कामाची. १८१२ च्या ग्रंथात रश यांनी स्वतःच नोंदवले आहे की रुग्णालयांतले जे पुरुष रुग्ण लाकडे फोडतात, विस्तव पेटवतात, बाग खणतात ते पुष्कळदा बरे होतात, आणि ज्यांना घराण्याच्या दर्जामुळे ही कामे करावी लागत नाहीत ते भिंतींच्या आत आयुष्यभर झुरत राहतात. हे वाक्य लिहिताना त्यांच्यासमोर कोण होते, हे सांगायला नको. निरीक्षण इतके नेमके असताना त्यावर कृती मात्र मुलाच्या बाबतीत झाली नाही. पहिल्या काही आठवड्यांत जॉन पुस्तक उघडू लागला, बोलू लागला, तो क्षण शेतघराकडे जाण्याचा होता. सप्टेंबरच्या पत्रात ज्या सोबत्याची मागणी त्यांनी व्यवस्थापकांकडे केली, तसा एक सोबती खासगी खर्चाने जॉनसाठी नेमून, त्याच्याबरोबर सिडनहॅमच्या बागेत एक उन्हाळा घालवायला देणे, हे रश यांच्या ऐपतीत होते आणि त्यांच्या स्वतःच्या मतांशी सुसंगतही होते. जिवाचा धोका होता, म्हणून रात्री रुग्णालयात आणि दिवसा बाहेर अशी मधली सोयही करता आली असती.

एकांताविषयीचे मत बदलणे याहून अवघड होते, कारण ते त्यांच्या घरातल्या शिस्तीत, तुरुंगसुधारणेत आणि वैद्यकात सारखेच भिनलेले होते. पण बारा वर्षांच्या मुलाने एकदा सांगून ठेवले होते की कोंडून घेणे त्याला माराहून जड जाते. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारताना आज जो एक प्रश्न येतो, याला आधी काय सोसले नाही आणि काय सोसले, त्याचे उत्तर या वडिलांच्या स्वतःच्या पत्रात १७८९ पासून लिहिलेले होते. बाहेरच्या डॉक्टराने विचारले असते तर बहुधा ते ज्युलियाने सांगितले असते, आणि कोठडीचे दार किती वेळ बंद ठेवायचे हे त्यावरून ठरवता आले असते.